नोइंगली म्हणजे मुद्दाम का? कसं वापरायचं ते बघू

नोइंगली या इंग्रजी शब्दाचा अर्थ बरेच जण सरळ 'मुद्दाम' असा पाठ करतात आणि तिथेच घोळ होतो, कारण मुद्दाम साठी खरा शब्द डेलिबरेटली किंवा इंटेन्शनली आहे, नोइंगली म्हणजे 'माहीत असूनही', आपल्या जाणूनबुजून च्या जवळचा. स्पेलिंग के पासून सुरू होतं पण के चा उच्चार करायचा नाही, नाइफ मध्ये नाही करत तसंच.

आता हे बघा, दूधवाल्याला माहितीये की दूध नासलंय, तरी त्याने विकलं: 'ही नोइंगली सोल्ड स्पॉइल्ड मिल्क'. कोणाचं पोट बिघडावं असं त्याला वाटत नव्हतं, त्याला फक्त माल खपवायचा होता, म्हणून 'ही डेलिबरेटली मेड देम सिक' म्हटलं तर ते चूक. हा फरक नीट डोक्यात बसवा, अर्ज, प्रतिज्ञापत्र यात फार कामाला येतो, तिथे 'नोइंगली फॉल्स' म्हणजे खोटं आहे हे ठाऊक असताना लिहून दिलेलं, चुकून चुकीची तारीख पडली तर ते यात येत नाही.

कायद्यात व्हॉलंटरिली पण येतो, पण 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 39 मध्ये त्याची व्याख्या रोजच्या 'स्वखुशीने' पेक्षा मोठी होती, हेतू नसला तरी असं होईल हे माहीत असलं तरी तो लागू व्हायचा.

वाक्यात नोइंगलीची जागा शक्यतो क्रियापदाच्या आधी. उलट अर्थ अननोइंगली, म्हणजे नकळत. आणि 'शी स्माइल्ड नोइंगली' असेल तर मुद्दाम हसली असं नाही हं, मनातलं ओळखून हसली.