नळ, शॉवर, फ्लश घेताना पाणीबचतीचा नियम कसा वापरावा: नागपूरकरांसाठी

जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह धरण आटलं आणि नागपुरात दिवसाआड पाणी आलं. तेव्हा घरोघरी बादल्या मोजून पाणी वापरलं गेलं. पाऊस आला, धरण भरलं, सवय सुटली. नळ आणि फ्लशची टाकी मात्र एकदा बसली की वर्षानुवर्षं बदलत नाही. रोज किती पाणी जाणार हे खरेदीच्या दिवशीच ठरून जातं, म्हणून त्या दिवशी नियम माहीत असायला हवा.

भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये आयएस १७६५० हे मानक काढलं. पहिला भाग कमोडसारख्या सॅनिटरी वेअरचा, दुसरा नळ-शॉवरचा. त्यात एक ते तीन तारे मिळतात. तारे जास्त तितकं पाणी कमी. ऑस्ट्रेलियात २००५ च्या कायद्यापासून अशा लेबलाशिवाय नळ विकता येत नाही. आपल्याकडे मानक मुळात ऐच्छिक असतं. २०१६ च्या मानक ब्युरो कायद्याच्या कलम १६ खाली केंद्राने आदेश काढला, तरच ते सक्तीचं होतं. इमारतीच्या बाजूने पाहिलं तर राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियमावली प्लंबिंगसाठी राष्ट्रीय इमारत संहितेच्या नवव्या भागाकडे बोट दाखवते. तुमच्या बाथरूममध्ये येऊन नळ तपासणारं कोणी नाही, ते काम आपलंच.

सुरुवात मोजण्यापासून करा. नळ पूर्ण सोडा, मोबाइलवर दहा सेकंद लावा, बादलीत पडलेलं पाणी लिटरच्या मापाने मोजा आणि सहाने गुणा. झाला मिनिटाचा प्रवाह. सिंक, बेसिन, शॉवर, तिन्हीचे आकडे लिहून ठेवा.

इथे मजल्याचा फरक फार मोठा पडतो, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. सहा मजली इमारतीत तळमजल्याला दोन बारच्या आसपास, आणि वरच्या मजल्याला जेमतेम पाव. खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा मात्र ठरावीक दाबाला मोजलेला असतो, बऱ्याचदा तीन बारला. त्यामुळे खालच्या मजल्यावर एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाला बसणारी बारीक जाळी, लावला की फरक लगेच दिसतो. वरच्या मजल्यावर तोच लावला तर धार बारीक होते आणि घरची मंडळी दुसऱ्याच दिवशी तो काढून फेकतात. वरच्यांनी पैसे फ्लशवर घालावेत. बोअरचं जड पाणी असेल तर एरेटरची जाळी पांढरी पडते; अधूनमधून काढून रात्रभर लिंबाच्या रसात ठेवा.

मग गळती. फ्लशच्या टाकीत शाईचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं. मीटरवर फार विसंबू नका: पाणी आधी खालच्या टाकीत जात असेल तर मीटर तिथपर्यंतचीच गळती दाखवतो. पुढची शोधायची तर रात्री पंप बंद करून गच्चीच्या टाकीत पातळीची खूण करा आणि सकाळी पाहा. मे महिन्यात कूलरचा बॉल कॉकही बघा. तो अडकला की टाकी भरून पाणी मुकाट्याने वाहत राहतं.

इमारत संहिता फ्लशसाठी माणशी रोजचे ४५ लिटर धरते, म्हणून पुढचा नंबर फ्लशचा. जुनी दहा लिटरची टाकी असेल तर पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली आत उभी ठेवा. वीट टाकू नका, तिचा चुरा व्हॉल्व्हमध्ये जातो. जुनं भांडं बाटलीमुळे कमी झालेल्या पाण्यात साफ होत नसेल आणि दोनदा फ्लश करावा लागत असेल, तर बाटली काढा. बदलायचंच ठरलं तर दोन बटणांची टाकी आणि भांडं जोडीने घ्या.

दुकानात गेल्यावर नुसत्या आयएसआयच्या खुणेवर समाधान मानू नका. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. तो १७६५० नसेल तर ती खूण वस्तूच्या दर्जाबद्दल बोलते, पाणीबचतीबद्दल नाही. खालचा सीएम/एल म्हणजे परवान्याचा क्रमांक मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना चालू आहे का ते कळतं. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

नवा फ्लॅट घेत असाल तर सगळ्यात मोठी संधी करारात आहे. बिल्डरच्या करारनाम्याला नळ-फिटिंगचं परिशिष्ट जोडलेलं असतं आणि त्यात बहुतेक वेळा नुसतं ‘नामांकित कंपनीचे’ एवढंच लिहिलेलं सापडतं. सही करण्याआधी तिथे ‘आयएस १७६५० नुसार, किमान दोन तारे’ हे शब्द घालून घ्या. एकदा लिहिलं की रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याचं कलम १४ तुमच्या बाजूने उभं राहतं: तुमच्या संमतीशिवाय फिटिंग बदलता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामात किंवा दर्जात दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. कळवताना लेखी कळवा आणि पोच घ्या.