दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’ आहे? मग व्हॅलिडिटीची फाईल अशी लावा

बारावी झाली की घरोघरी हेच, शाळेच्या दाखल्यावर नुसतं बौद्ध लिहिलंय, व्हॅलिडिटी (जात पडताळणी समितीचं जात वैधता प्रमाणपत्र) मिळेल ना? मिळते हो. फक्त एवढं लक्षात घ्या की बौद्ध हा धर्म आहे, एससीच्या यादीत जात बघतात, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला किंवा नंतर ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची आधीची जात कागदावर दाखवायची आणि तिथून स्वतःपर्यंत साखळी जोडायची. एससीची यादी ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, बौद्ध थेट १९९० ला, त्यामुळे एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि धाकट्याच्या ‘बौद्ध’ असतं, घाबरू नका.

खरं काम १० ऑगस्ट १९५० च्या, म्हणजे त्या आदेशाच्या तारखेच्या, आधीचा पुरावा शोधायचं. आजोबा-पणजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा (शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल) काढा, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंदवही), मोडीत असला तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आमचे आजोबा शाळेतच गेले नव्हते! शेवटी चुलत आजोबांचा उतारा सापडला, पान कडेने कुरतडलेलं पण ‘महार’ स्पष्ट, आणि आडनावच नाही, नाव सटवा, पुढे सगळीकडे सटवाजी. त्यावरून समितीने त्रुटी काढली, मग दोन्ही नावं एकाच माणसाची असं शपथपत्र जोडलं.

मग प्रांत अधिकाऱ्यांचा जातीचा दाखला (त्यात मूळ जात हवीच, केंद्राचा फॉरमॅट वेगळा), नंतर बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) पोर्टलवर व्हॅलिडिटीचा अर्ज, नमुना ३ ची वंशावळ, नमुना १७ चं शपथपत्र. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी असेल तर आधी ती लावा, निम्मं काम तिथेच होतं. दाखल्यावर खाडाखोड अजिबात नको, सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने आपल्यावरच आहे आणि शंका आली की दक्षता पथक घरी येतं. समितीने नाकारलं तर पुढे हायकोर्टच.

ख्रिश्चन झालेल्यांना एससीचा दाखला नाही. परत मूळ धर्मात आलात तर सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या के. पी. मनू निकालाप्रमाणे मूळ जात, खरं पुनरागमन आणि समाजाने स्वीकारल्याचा पुरावा, तिन्ही लागतात, नुसत्या सवलतीसाठी आलात तर नोव्हेंबर २०२४ च्या सेल्वराणी निकालासारखा दावा फेटाळला जातो.

आणि निर्गम उताऱ्याच्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती घ्या, धाकट्या मुलीच्या वेळी परत तोच हेलपाटा नको.