क्रॉस बदलायला शिकताय? आधी हातोडा बाजूला ठेवा

आयटीआयमधून नवा पोरगा गॅरेजमध्ये आला की त्याला गाडीखाली घालायचं पहिलं मोठं काम बहुतेकदा क्रॉसचं असतं. क्रॉस म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा, अधिकच्या चिन्हासारखा चार खांबांचा सांधा. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत लागलो, तेव्हा माझ्याही वाट्याला तेच आलं. हत्यारं फार लागत नाहीत, वेळही जास्त जात नाही, म्हणून मालकाला वाटतं पोरगं करेल. करतंही. पण नवा क्रॉस टाकलेली गाडी महिन्याभरात पुन्हा दारात येते, ती मालाच्या दोषानं फार कमी वेळा. बहुतेकदा बसवणाऱ्याच्या घाईनं.

ड्रायव्हर सांगतो, "खालून वाजतंय." लगेच पाना उचलू नका. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच 'टक्' होत असेल तर क्रॉसवर संशय घ्या, पण डिफरन्शियलमधला (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच) जादा ढिलेपणा आणि स्लाइडिंग जॉइंटचे, म्हणजे शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाचे, झिजलेले दातेही असाच आवाज काढतात. गाडी हळू चालताना चिवचिव येत असेल तर आतलं ग्रीस संपलंय. वेगात थरथर असेल तर शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही बघायचं. मग चाकांना ठोकळे, गाडी न्यूट्रलला, आणि खाली जाऊन एका हातात योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा काटा), दुसऱ्यात शाफ्ट धरून उलटसुलट पिळायचं. दोघांच्या मध्ये जरा जरी ढिलेपणा लागला तरी क्रॉस गेला. क्रॉसच्या खांबावर बसणाऱ्या बेअरिंगच्या कपाच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली तर पिळायचीही गरज उरत नाही. पावसाळ्यानंतर अशा गाड्या जास्त येतात. चिखल धुवायला वॉशिंगवाला जोराचा फवारा थेट कपाच्या सीलवर मारतो आणि पाणी आत जातं.

शाफ्ट उतरवण्याआधी खुणा करा. फ्लँजवर (शाफ्ट नटबोल्टनं जोडतात ती चकती) एक आणि स्लाइडिंग जॉइंटच्या दोन्ही भागांवर एक, पांढऱ्या रंगानं नाहीतर पंचनं. खडूची खूण डिझेलनं धुताना जाते. कोनात फिरणारा एकटा क्रॉस पुढच्या शाफ्टला एकसारख्या वेगानं फिरवत नाही. दर फेऱ्याला दोनदा तो पुढे धावतो, दोनदा मागे पडतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. जोडताना एक दाता जरी चुकला तरी गाडी थरथरते आणि शिव्या नव्या क्रॉसला बसतात. आयटीआयच्या वर्गात हा भाग मला रटाळ वाटला होता. गाडीखाली आल्यावर कळलं की सगळं कामच त्यावर उभं आहे.

आणखी एक, जिवाशी गाठ असलेली गोष्ट. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअरवर थांबत नाही. काही जुन्या जीपांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो, म्हणजे तोही गेला. ठोकळे शेवटपर्यंत काढायचे नाहीत.

नवा क्रॉस आणायला नाना पेठेत पाठवलं तर जुना सोबत न्या. नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेला क्रॉस कधी कधी कपाच्या व्यासात नाहीतर लांबीत जरासा वेगळा निघतो. व्हर्नियर लावून दोन्ही मापं दुकानातच जुळवा.

काढताना कप अडवून धरणारे लॉक आधी. मग वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढा मोठा सॉकेट, आणि दाब देत कप बाहेर. हातोड्यानं पण निघतो, मात्र योकचा कान वाकला तर नवा क्रॉस त्यात कधीच नीट बसणार नाही. योकची भोकं आणि लॉकच्या खाचा अगदी स्वच्छ करा. बसवताना खरी परीक्षा सुयांची असते. कपातल्या बारीक सुया ग्रीसनं भिंतीला चिकटून उभ्या असतात. क्रॉस तिरका गेला की एखादी आडवी पडते आणि कपाच्या तळाशी जाते. मग कप पूर्ण आत जात नाही, लॉक खाचेत बसत नाही, आणि नवा माणूस लॉक ठोकायला लागतो. इथे थांबायचं. कप बाहेर काढून सुई उभी करायची. क्रॉस अर्धा एका कपात, अर्धा समोरच्या कपात धरून दोन्हीकडून सारखं दाबत नेलं तर सुया पडत नाहीत.

चारही लॉक बसल्यावर क्रॉस चारही दिशांना हातानं वळवून बघा. जड लागला तर योकच्या कानांवर हलकेच टिचक्या मारा, कप लॉकला टेकतात आणि तो मोकळा होतो. ग्रीस हातानं चालवायच्या गननं, चारही सीलमधून डोकावेपर्यंत भरा. तीन बाजूंनीच आलं तर चौथी कोरडी आहे. शाफ्ट जरा हलवून पुन्हा मारा. ग्रीस भरायच्या निपलचं तोंड गन पोचेल अशा बाजूला आहे ना, हे मात्र बसवण्याआधीच बघायचं. आमच्याकडे हे विसरलेला एक क्रॉस पुन्हा उतरवावा लागला होता, आणि उस्ताद त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

जुना क्रॉस लगेच भंगारात टाकू नका, पुसून बघा. खांबांवर सुयांच्या रेघा उमटल्या असतील तर ग्रीस कमी पडलंय किंवा माल जास्त भरलाय. निळसर झाला असेल तर तो तापलाय. चारही खांबांपैकी एकच खाल्ला गेला असेल तर त्या बाजूला ग्रीस पोचत नव्हतं. मग ड्रायव्हरला विचारा: घाटात किती माल असतो, ग्रीस शेवटचं कधी मारलं? लॅपटॉपच्या स्कॅनरवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पहिल्या वर्षी स्कॅनरच्या मागे लागण्याआधी गाडीखालचं काम मागून घ्या, असं माझं मत आहे.

फ्लँजचे नट जुनेच वापरायचे नाहीत, घट्ट करताना टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधून घ्यायचा आणि समोरासमोरचे ओढत जायचं. ट्रायलला रिकाम्या रस्त्यावर गाडी थोडी पळवून बघा, थरथर तिथेच कळते. आठवड्याभरात गाडी पुन्हा बोलावून नट तपासायचे आणि ग्रीसचे दोन पंप मारून द्यायचे, ड्रायव्हर घाईत असला तरी.