दूध न घालता बाळासाठी नाचणी-केळ्याची मऊ बिस्किटे
दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळासाठी, बाजारातील पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेली दूध पावडर शोधत बसण्यापेक्षा घरी भाजलेली बिस्किटे मला अधिक खात्रीची वाटतात. सालीवर काळे ठिपके आलेले एक केळे गुठळी न ठेवता कुस्करावे, त्यात अर्धी वाटी नाचणीचे पीठ, पाव वाटी ओट्सची पूड आणि एक मोठा चमचा खाण्याचे खोबरेल तेल मिसळून बोटाएवढ्या वड्या थापाव्यात व १७० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये सुमारे १५ मिनिटे भाजाव्यात. साखर-मीठ नको, वर्षाच्या आतील बाळाला मध तर मुळीच देऊ नये. गार झालेली वडी दोन बोटांत सहज दबली पाहिजे, कारण कडक तुकडा घशात अडकू शकतो. म्हणून बाळाला ताठ बसवून, समोर राहूनच ती द्यावी.