एमजीबीचं आयडलिंग बिघडलंय? कार्बुरेटरच्या नटला पाना लावण्याआधी या चुका टाळा

सिग्नलला थांबलं की इंजिन मध्येच बाराशेवर चढतं, मध्येच सहाशेवर येऊन थरथरतं. मालक बॉनेट उघडतो आणि पहिला हात घालतो तो कार्बुरेटरच्या बुडाशी असलेल्या नटला. नट सहज हाताशी येतो, फिरवला की आवाजात लगेच फरक पडतो, आणि खरा बिघाड होता तिथेच राहतो.

हा लेख इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारबद्दल आहे. त्यातही १७९८ सीसी इंजिनावर दोन एसयू एचएस४ कार्बुरेटर असलेल्या सुरुवातीच्या दशकभराच्या गाड्यांबद्दल. १९७५पासून अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांवर एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग येतो. त्याचं तंत्र वेगळं आहे.

मिक्स्चरपासून सुरुवात करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कार्बुरेटरना आयडलिंगसाठी वेगळी वाट आणि वेगळा स्क्रू असतो. तो फिरवला तर फक्त आयडलिंग बदलतं. एसयूमध्ये ही सोयच नाही. एकच जेट, त्यात वरखाली होणारी एकच निमुळती नीडल, आणि इंजिनाच्या ओढीने उचलला जाणारा पिस्टन. खालचा नट वर सरकवला की जेट वर जातो आणि मिक्स्चर लीन होतं, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी होतं. खाली आणला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पण हा बदल आयडलिंगपासून पूर्ण रेसपर्यंत सगळीकडे लागू होतो.

आता समजा मॅनिफोल्डच्या (कार्बुरेटरमधून इंजिनात मिक्स्चर नेणाऱ्या नळकांड्याच्या) पॅकिंगमधून थोडी हवा आत शिरते आहे. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा त्यात मोठा हिस्सा ठरते आणि इंजिन लीन चालतं. तुम्ही षटकोनी नट दोन बाजू (एक बाजू म्हणजे एक षष्ठांश फेरा) खाली फिरवून ते सावरलंत. हायवेवर मात्र हवेचा ओघ इतका मोठा असतो की ती गळती नगण्य ठरते, आणि नटने वाढवलेलं पेट्रोल तसंच जात राहतं. प्लग काळे, ॲव्हरेज खाली, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. आयडलिंग तर पुन्हा आठवड्याभरात बिघडतं.

म्हणून क्रम असा ठेवा: टॅपेट, इग्निशन, हवेची गळती, फ्लोट, दोन्ही कार्बुरेटरचा समतोल आणि अगदी शेवटी मिक्स्चर.

टॅपेट आणि करंट न तपासणं

जुन्या इंजिनांना टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची, फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. नंतरच्या इंजिनांचा आकडा वेगळा आहे, तेव्हा आपल्या गाडीच्या वर्षाचं मॅन्युअल उघडा. लावताना नवाचा हिशेब सोयीचा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा लावायचा, दुसरा दाबलेला असेल तेव्हा सातवा. बेरीज नऊ.

डिस्ट्रिब्युटर ल्युकासचा २५डी४ असेल तर पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच. फट बरोबर लावूनही आयडलिंग डळमळत असेल तर टायमिंग लाइट लावून बघा. पुलीवरची खूण एका जागी न राहता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या स्पिंडलचा बुश झिजलाय. तिथे कार्बुरेटर कितीही लावा, उपयोग नाही. झाकणाखालची बेसप्लेटची छोटी अर्थ वायर हमखास दुर्लक्षित राहते. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीने स्पार्कची वेळ पुढे सरकवणारी यंत्रणा) प्लेट दर वेळी हलते, वायर आतून तुटते आणि इन्सुलेशन मात्र शाबूत दिसतं. इंजिन अधूनमधून मिसिंग करतं आणि बोल लागतो कार्बुरेटरला.

कंडेन्सर नवा टाकला म्हणजे तो चांगलाच असेल असं धरू नका. हल्ली बाजारात मिळणारे बरेच नवे कंडेन्सर जुन्यांच्या आधी दगा देतात. चालू असलेला जुना काढलात तर फेकू नका, डिकीत ठेवा.

गरम इंजिनावर स्प्रे मारणं

हवेची गळती शोधायला कार्ब क्लीनर मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत आणि कार्बुरेटर थेट एक्झॉस्टच्या वर बसतात. तापलेल्या एक्झॉस्टवर असा स्प्रे म्हणजे आगीला आमंत्रण. त्याऐवजी थ्रॉटल स्पिंडलच्या (थ्रॉटलची चकती ज्यावर फिरते त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना ऑइलचा एकेक थेंब सोडा. आयडलिंग क्षणभर सुधारलं तर तिथूनच हवा शिरते आहे. स्पिंडल पितळी, बॉडी ॲल्युमिनियमची. इतक्या वर्षांत झीज होणारच. उपाय म्हणजे नवा स्पिंडल आणि बुश. नुसत्या नव्या स्पिंडलने अर्धंच काम होतं, कारण भोकही अंडाकृती झालेलं असतं.

ब्रेक सर्व्हो असेल तर त्याची नळी चिमटीत दाबून बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर डायफ्रॅम फाटलाय. साठच्या दशकातल्या मधल्या गाड्यांत इनलेट मॅनिफोल्डवर स्मिथ्सचा गोल ब्रीदर व्हॉल्व्ह असतो; तो इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढून घेतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा: व्हॉल्व्ह ठीक असेल तर रेस कानाला कळण्याइतकी बदलते. काहीच फरक पडला नाही तर आतला डायफ्रॅम तपासा. झाकणही त्याच गाडीचं हवं. दिसायला सारखं पण वेगळ्या भोकाचं झाकण लावलं की ब्रीदरमधून नको तितकी हवा येते.

आणि दोन्ही आयडल स्क्रू पूर्ण सैल करूनही रेस उतरतच नसेल? नंतरच्या गाड्यांत थ्रॉटलच्या चकतीवर छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. स्प्रिंग मेली की तो उघडाच राहतो. बरेच जण साधी चकती बसवून हा विषय कायमचा मिटवतात.

चोकची केबल ताणलेली ठेवणं

एसयूचा चोक जेटलाच खाली ओढतो. केबलला थोडीही ढील नसेल तर नॉब आत ढकलूनही जेट पूर्ण वर बसत नाही, आणि तुम्ही रिच मिक्स्चरचं कारण दुसरीकडे शोधत बसता. फास्ट आयडल स्क्रू आणि कॅममध्येही चोक आत असताना फट दिसायला हवी.

पिस्टन जास्त उचलणं

समतोल साधताना दोन्ही कार्बुरेटरना जोडणाऱ्या दांड्यांचे क्लॅम्प आधी सैल करा. नाहीतर एक स्क्रू फिरवताना दुसराही हलतो. रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा फुसफुसाट ऐका, तो सारखा झाला की मिक्स्चरकडे वळा. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. सगळंच विस्कटलं असेल तर जेट पुलाच्या (कार्बुरेटरच्या तोंडात पिस्टनखाली असलेल्या उंचवट्याच्या) पातळीला आणून तिथून नट दोन पूर्ण फेरे खाली घ्या. इंजिन सुरू होण्यापुरतं हे पुरतं.

मग कार्बुरेटरच्या बाजूची पिन दाबून पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचलायचा. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर रिच. इंजिन बसायला लागलं तर लीन. किंचित वाढून पुन्हा जागेवर आली तर बरोबर. पिस्टन अर्धा सेंटिमीटर उचलला तर उत्तम लावलेलं इंजिनही बंद पडतं, आणि लोक त्याला लीन समजून पेट्रोल वाढवतात. नट एका वेळी एकच बाजू फिरवा, आणि एक कार्बुरेटर बदलला की दुसरा पुन्हा तपासा.

साफ करायला उघडलात तर पिस्टन आणि त्याचं झाकण यांच्या जोड्या बदलू देऊ नका. त्या जोडीनेच घडवलेल्या असतात. पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या डॅम्परमध्ये एसएई २० ऑइल पुरे. ते कमी असेल तर एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन अडखळतं; आयडलिंगशी त्याचा संबंध नाही.

पेट्रोल बदललंय हे विसरणं

भारतातल्या पंपांवर आता सर्रास ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल २०२१पासून ई१० आहे. निखळ पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, ई२०ला सुमारे साडेतेरा. म्हणजे मॅन्युअलप्रमाणे लावलेली गाडी आज लीनच चालणार. नट थोडा खाली घेऊन भागत नसेल, विशेषतः वरच्या रेसमध्ये, तर दोन्ही कार्बुरेटरमध्ये एकाच नंबरच्या रिच नीडल घाला. जुन्या रबरी नळ्या आणि फ्लोटच्या सुईची रबरी टोकं इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. इंजिन बंद असताना, इग्निशन चालू ठेवल्यावर एसयूच्या पंपाची टिकटिक काही सेकंदांत थांबायला हवी. थांबत नसेल तर इग्निशन लगेच बंद करा, आणि ओव्हरफ्लोच्या नळ्या एक्झॉस्टपासून दूर, खालपर्यंत नेलेल्या आहेत ना, ते आधी बघा.