दीर्घिकांच्या जोड्या मोजायला शिकताना

मी जळगावला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग विश्वरचनाशास्त्राकडे वळलो. खान्देशातली मुलं विचारतात, "भाऊ, आकाशाच्या अभ्यासात संख्याशास्त्रवाल्याला काय काम?" भरपूर काम आहे. दीर्घिका (गॅलेक्सी) पुंजक्यांनी का दिसतात याचं संभाव्यतेवर आधारलेलं प्रतिमान 1952 साली मांडलं ते येर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट या संख्याशास्त्रज्ञांनीच.

सुरुवात द्विबिंदू सहसंबंधापासून करा, म्हणजे कोणत्या अंतरावर किती जोड्या सापडतात हे मोजण्यापासून. रावेरकडच्या केळीच्या बागेत 5 बाय 5 फुटांवर लागवड असेल, तर झाडांच्या जोड्या मोजताना 5 फुटांवर आकडा उसळतो. नाल्याकाठच्या बाभळी घोळक्यानं उगवतात. तिथे जवळच्या जोड्याच जास्त. दीर्घिका बाभळींसारख्या. काही कोटी प्रकाशवर्षांपर्यंत अंतर दुप्पट झालं की हा जास्तपणा साधारण साडेतीन पटींनी घटतो. पुढे 49 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास एक छोटा उंचवटा येतो. तो आदिम विश्वातल्या ध्वनिलहरींचा ठसा. 2005 मध्ये स्लोन या दीर्घिकांच्या मोठ्या सर्वेक्षणाच्या माहितीत तो दिसला. तो आलेख स्वतः काढून बघाच, फार आनंद होतो.

पण जास्त म्हणजे कशापेक्षा? खरं कसब इथे लागतं. तुलनेसाठी यादृच्छिक (रँडम) बिंदूंची यादी बनवावी लागते. सर्वेक्षणाची वेडीवाकडी सीमा, ठळक ताऱ्यांनी झाकलेले तुकडे, दूरच्या अंधुक दीर्घिकांची गळती, हे सगळं त्या यादीत जसंच्या तसं उतरलं पाहिजे. नाहीतर दुर्बिणीच्या मर्यादाच पुंजके म्हणून हाती येतात. यादी खऱ्या दीर्घिकांच्या कितीतरी पट मोठी ठेवा आणि खऱ्या आणि यादृच्छिक जोड्यांची तुलना करणारं लँडी-सझाले यांचं 1993 चं सूत्र वापरा. सिद्धांताची जाडजूड पुस्तकं नंतर. माझ्या मते नवख्यानं पहिले काही महिने या यादीलाच द्यावेत.

एक लाख दीर्घिकांच्या जोड्या होतात जवळपास 500 कोटी. साध्या लूपवर लॅपटॉप तासन्‌तास घुमतो, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. पायथनच्या सायपायमधलं केडी-ट्री (जवळचे बिंदू झटपट शोधणारी रचना) वापरा, मधले आकडे फाइलीत साठवत चला.

त्रुटीही नीट काढा. शेजारच्या अंतरांचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून सहप्रसरणाचा, म्हणजे कोणता आकडा कोणाबरोबर किती हलतो याचा, पूर्ण तक्ता लागतो. त्यासाठी आकाशाचे तुकडे पाडून एकेक वगळत पुन्हा मोजणी करा.

स्लोनची माहिती फुकट आहे. पीएच.डी. करायची तर जेस्ट या प्रवेशपरीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच धरा. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत ती परीक्षा चालते. भौतिकशास्त्राचा पाया मात्र स्वतः भरून काढावा लागेल.