साडेसात मुठी : स्वप्नवत कथा लिहायला घेताना

स्वप्नासारखी कथा म्हटलं की नवा लेखक पहिल्याच पानावर धुकं सोडतो. पण स्वप्नात धुकं क्वचितच असतं. तिथे दार, ताट, माणसं लख्ख दिसतात. फक्त एक हिशेब जुळत नाही. तो न जुळणारा हिशेब शोधणं हेच या कथेचं निम्मं काम.

खानदेशात तो शोधायला लांब जावं लागत नाही. कानबाई या देवीच्या उत्सवाचंच घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात. घरात पाच पुरुष, म्हणजे सव्वासहा मुठी. आता एवढंच बदला : सुपातलं धान्य परत मोजलं की साडेसात मुठी भरतं, म्हणजे सहा जणांचं. सहावं नाव कुणीच घेतलेलं नाही. रोट बऱ्याच घरांत फक्त घरच्यांनीच खायचा असतो, त्यामुळे जास्तीचा वाटा शेजारी देताही येत नाही. कथेला लागणारा पेच रीतीनेच दिला. तो वेगळा रचावा लागला नाही. (साडेसात आकडा आला म्हणून शनीच्या साडेसातीकडे बोट दाखवू नका. खूण सापडली की वाचक कोडं सोडवायला लागतो आणि घरातून बाहेर पडतो.)

लिहिण्याआधी वहीत एका ओळीत नियम मांडा : काय अशक्य घडतं, कधी, किती. हा नियम कथेत सांगायचा नाही, मोडायचाही नाही. पहिला खर्डा १,२०० ते १,५०० शब्दांचा ठेवा आणि साडेसात मुठी पहिल्या शंभर शब्दांत भरू द्या. उशीर झाला तर आधीची पानं साधी कौटुंबिक कथा होऊन बसतात, मग नवल वरून चिकटवल्यासारखं वाटतं.

कथा सगळ्यात जास्त फसते ती दुसऱ्या नवलाने. धान्य वाढलं, मग भिंत बोलली, मग तापी उलटी वाहिली. काहीही होऊ शकतं म्हटल्यावर वाचकाला कशाचीच धास्ती उरत नाही. नवल एकच ठेवा आणि बाकी तपशील काटेकोर द्या : सूप कुठे टेकवलंय, चक्कीवर किती वेळ थांबावं लागलं, पीठ कोणत्या डब्यात गेलं. पात्रांनी दचकूही नये. घरातली आजी सहाव्या वाट्याची सोय काय करायची एवढंच विचारते, आणि अंगावर काटा येतो तो त्या विचारण्याने. ‘गूढ’, ‘अनामिक’, ‘जणू’ हे शब्द खर्ड्यात शोधून खोडा. प्रत्येक ‘जणू’ वाचकाला सांगतो की हे खरं नाही.

बोलीचं भान ठेवा. अमळनेर, धुळ्याकडच्या घरात ‘हाई कोनं शे?’ हे अहिराणी वाक्य सहज बसेल. यावल-रावेरच्या लेवा समाजाच्या घरात बोली वेगळी, तिथे ते खोटं पडेल. निवेदन प्रमाण मराठीत आणि मोजके संवाद बोलीत, हा सुरुवातीला झेपणारा मार्ग आहे.

उशाशी वही असू द्या. जाग आल्यावर फोन हातात घेण्याआधी तीन गोष्टी टिपा : जागा, माणसं, न जुळलेली गोष्ट. भावना टिपू नका, त्या दुपारी परक्या वाटतात. अख्खं स्वप्न कथेत उतरवायचं नाही. तिसरी गोष्ट तेवढी घ्यायची.

‘आणि त्याला जाग आली’ हा शेवट कधीच नको. सहावा माणूस कोण, हेही सांगू नका. घराने त्या वाट्याशी कसं जुळवून घेतलं ते दाखवा : सहावं ताट मांडलं गेलं, पाणीही ठेवलं. शेवटचा परिच्छेद काढून वाचून बघा; बऱ्याचदा कथा त्याच्या आधीच संपलेली असते.

मग दोन आठवडे कथा बाजूला ठेवा आणि नंतर मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप गंभीर होतो, ते वाक्य साधं करा. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर युनिकोडमध्ये टंकून ठेवा आणि गणपतीची वाट बघू नका. अंकांची जुळणी पावसाळ्यातच सुरू झालेली असते.